नवं कासव घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे

इंग्लंडमधल्या मराठी घरांत कुत्रं पाळायचं म्हटलं की अडचणी सुरू होतात. दोघंही नोकरीवर, घर भाड्याचं, कुणाला तरी केसांची अ‍ॅलर्जी. मग मुलांच्या हट्टापुढे कासवाचा विषय निघतो. आवाज नाही, केस नाहीत, फिरायला न्यायला नको, आठवड्यातून दोनदा पान टाकलं की झालं, अशी समजूत असते. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत, चौथी अजिबात नाही. कासव उपाशी असलं, गारठलेलं असलं, आजारी असलं तरी ओरडत नाही. कोपऱ्यात गप्प बसतं आणि घरच्यांना वाटतं, किती शांत प्राणी आहे! त्या गप्प बसण्याचा अर्थ पहिल्या दिवसापासून कळावा म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यांत आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कासवाच्या शरीरात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. भूक, पचन, प्रतिकारशक्ती, चालणं, सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. त्यामुळे नवीन कासवाच्या बाबतीत कुठलाही प्रश्न पडला तर आधी थर्मामीटर बघायचा, मग कासवाकडे. "काही खातच नाही" अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दिवा उंच टांगलेला असतो नाहीतर खोली गार असते. पानं बदलून तिथे काही होत नाही.

कोणतं कासव, आणि त्याचे कागद

इथे मी हर्मन जातीचं कासव धरून लिहितेय. स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, बाल्कन देश हा त्याचा मूळ मुलूख. पूर्ण वाढलं की साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर होतं, नीट सांभाळलं तर पन्नास वर्षांहून जास्त जगतं, आणि नवख्या माणसाला झेपतं. स्पर-थाय आणि हॉर्सफील्ड या जातींनाही यातलं बरंचसं लागू पडतं. सल्काटाचं पिल्लू दुकानात तळहातावर मावतं, म्हणून भुलू नका. ते आफ्रिकेतलं मोठं कासव आहे, चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातं, आणि त्याला थंडीभर झोपवताही (म्हणजे शीतनिद्रेत ठेवताही) येत नाही. इथल्या टेरेस घरात, म्हणजे रांगेतल्या एकमेकांना चिकटलेल्या घरात, त्याची आबाळच होणार.

ब्रिटनमध्ये भूमध्यसागरी कासवांची सरसकट आयात १९८४ साली बंद झाली. त्याआधी मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथून जहाजं भरभरून कासवं येत आणि त्यांतली बहुतेक पहिला हिवाळाही काढत नसत. आज हर्मन कासव विकायचं तर विकणाऱ्याकडे 'आर्टिकल १०' प्रमाणपत्र असावं लागतं. ते अ‍ॅनिमल अँड प्लांट हेल्थ एजन्सी देते. पोटाकडच्या कवचाची लांबी १०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मायक्रोचिपही हवी, आणि चिपचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. अगदी छोट्या पिल्लाला चिप नसते, पण विकत घेताना कागद त्याचाही हवाच. "कागद नंतर पोस्टाने पाठवतो" म्हणणाऱ्याकडून कासव घेऊ नका. ते कुठून आलं हेच कळत नसेल तर त्याने काय आजार सोबत आणलेत तेही कळणार नाही.

भारतातल्या नातेवाइकांसाठी इथेच सांगते, कारण व्हिडिओ कॉलवर आपलं कासव पाहिलं की तिकडेही कुणाला तरी इच्छा होते. आपल्याकडे चोरून विकलं जातं ते बहुतेक वेळा पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव. त्याची खरेदी-विक्री आणि ते घरात पाळणं, दोन्ही गुन्हा आहे. २०१९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत गेलं, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर ते अनुसूची एकमध्ये आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते म्हणून कुणी आणत असेल तर पाण्याच्या ताटलीतलं पितळी कासव ठेवावं, जिवंत नको. आणि कुणाच्या घरी आधीपासून असलंच तर ते नदीत सोडू नये. स्टार कासव जमिनीवरचं आहे, पाण्यात बुडून मरतं. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे, तिथे कळवावं.

कासव यायच्या आधी घर तयार हवं

कासव आणि सामान एकाच दिवशी आणायचं, मग संध्याकाळी ड्रिल काढून दिवा लावायला बसायचं, हे टाळा. सगळी मांडणी किमान दोन दिवस आधी चालू करून मोजमाप घ्या.

पिल्लासाठी चार फूट बाय दोन फूट अशी उघडी लाकडी पेटी घ्या. इथे तिला टॉर्टॉइज टेबल म्हणतात. जुनं पुस्तकांचं कपाट आडवं करूनही छान होते. काचेची टाकी नको. कासवाला काच दिसत नाही, पलीकडचं दिसतं. ते पुढच्या पायांनी काच खरवडत एकाच कोपऱ्यात तासन्‌तास धडपडत राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय. टाकी घरात असेलच तर खालून सहा इंच बाहेरच्या बाजूने जाड कागद चिकटवा. मोठ्या कासवाला आठ फूट बाय चार फुटांच्या खाली जागा देऊ नये, आणि त्याचा खरा संसार बागेतच.

तळाला माती घालायची. खत आणि पांढरे पर्लाइटचे दाणे नसलेली टॉपसॉइल साधारण दोन भाग आणि मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात घालतात ती प्ले सँड एक भाग. पिल्लू पूर्ण पुरून घेऊ शकेल इतकी खोल, म्हणजे निदान चार इंच. दुकानदार लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या सालींचा चुरा, गवताच्या गोळ्या असं काहीबाही पुढे करेल. घेऊ नका, कासव ते खातं आणि आतड्यात अडकतं. माती खालून ओलसर, वरून कोरडी राहिली पाहिजे. कोपऱ्यातून थोडं पाणी ओतलं की ते खाली झिरपतं आणि हे आपोआप साधतं. ओलाव्याचा मुद्दा मी जोर देऊन सांगतेय, कारण पाठीवरच्या खवल्यांना पिरॅमिडसारखे उंचवटे येतात ते फक्त जास्त प्रोटीनमुळे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००३ साली सल्काटाच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा परिणाम त्याहून मोठा निघाला. पिल्लं कोरडी पडू द्यायची नाहीत.

आता दिवे. इथे पैसे वाचवू नका, हवं तर पेटी साधी करा.

पेटीच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा टांगा. त्याच्या बरोबर खाली, कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस हवेत. तिथे एक सपाट पाटीचा दगड ठेवला की तो तापतो, पोटाला ऊब मिळते आणि नखंही घासली जातात. दुसरं टोक २० ते २२ अंशांवर राहू द्या. कासवाला गरम आणि गार यांतलं हवं ते निवडता आलं पाहिजे. सगळी पेटी एकसारखी तापवली तर त्याला सुटकाच नाही. खालून तापणारी हीट मॅट लावू नका. ऊब उन्हासारखी वरून यावी लागते, आणि खालच्या उष्णतेने पोट भाजू शकतं. तापमान मोजायला भिंतीवर चिकटवायचे गोल डायल बिनकामाचे. पंधरा-वीस पौंडांची टेंपरेचर गन घ्या आणि दगडावरच नेम धरा.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असतात त्या अतिनील किरणांचा. या किरणांमुळे कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जातं. नसेल तर कवच मऊ पडतं, पाय वाकतात, आणि हे नुकसान पूर्ण भरून येत नाही. खिडकीतलं ऊन चालणार नाही, काचेतून यूव्हीबी येत नाही. लांब टी-५ ट्यूब घ्या, १० ते १२ टक्के ताकदीची, रिफ्लेक्टरसह. कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, बहुतेक वेळा एक ते सव्वा फुटावर, उष्णतेच्या दिव्याच्या बाजूलाच लावा. मध्ये काच, प्लॅस्टिक किंवा जाळी नको. ट्यूब दिसायला लखलखीत असली तरी वर्षभरात तिची यूव्हीबी उतरते. बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहून ठेवा आणि वर्षाने बदला. ऊब आणि यूव्हीबी एकत्र देणारा मर्क्युरी व्हेपर बल्बही मिळतो. तो चांगला आहे, पण थर्मोस्टॅटवर किंवा डिमरवर चालत नाही, त्यामुळे तापमान फक्त उंची कमीजास्त करून साधावं लागतं.

दोन्ही दिवे टायमरवर लावा, बारा तास चालू, बारा तास बंद. रात्री अंधार हवा. घर रात्री पंधरा अंशांच्या खाली जात नसेल तर निरोगी कासवाला रात्रीची वेगळी उष्णता लागत नाही.

लपायला दोन जागा द्या, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला. अर्धी पुरलेली मातीची कुंडी आडवी ठेवली तरी पुरे. पाण्यासाठी कुंडीखालची उथळ मातीची थाळी, काठ मातीच्या पातळीला येईल अशी पुरून. चढून पडेल असं काही नको. कासव उताणं झालं आणि वर दिवा असला तर काही तासांत जीव जातो. नव्या जागेत ते कडेकडेने फिरून बघत असतं तेव्हाच हा धोका सगळ्यांत जास्त असतो.

पेटी कुठे ठेवायची? स्वयंपाकघरात नाही, देवघराच्या खोलीतही नाही. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे खोकून छाती मोकळी करणं त्याला जमत नाही. फोडणीचा खाट, उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, दिवाळीतल्या फुलबाज्या, यांतलं काहीही त्याच्या खोलीत नको. टीव्हीशेजारी किंवा जिन्याखाली सतत पायांची थरथर असते, तीही टाळा. न वापरातल्या बेडरूमचा कोपरा उत्तम.

आणायचा दिवस

सकाळी आणा, म्हणजे घरी आल्यावर उजेडाचे काही तास हाताशी राहतात. पुठ्ठ्याचा खोका, भोकं पाडलेला, आत जुना टॉवेल. मांडीवर घेऊन बसायचं नाही, हीटरच्या झोतासमोर ठेवायचं नाही. वाटेत खायला घालू नका. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: आजवर काय खात होतं, दिव्याखाली तापमान किती होतं, आणि गेल्या हिवाळ्यात झोपवलं होतं का. जमलं तर त्याच्या जुन्या पेटीतली मूठभर माती मागून घ्या आणि आपल्या मातीत लपायच्या जागेजवळ टाका. ओळखीचा वास मिळाला की ते जरा लवकर रुळतं.

घरी पोचल्यावर आधी कोमट पाण्यात बसवा. पसरट टब घ्या, पाणी मनगटाला जेमतेम कोमट लागेल असं, आणि खोली पोटाचं व पाठीचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच. मान सहज वर राहिली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं. या वेळी जवळ बसून जरूर बघा. आधी ते पाय ओढून घेतं. मग मान हळूहळू बाहेर येते, नाक पाण्याला टेकतं, आणि अचानक सगळं तोंड पाण्यात बुडवून ते स्थिर होतं. गळ्याची कातडी आतबाहेर हलताना दिसली की समजावं, पाणी पितंय. मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ पितं. प्रवासाने सुकलेल्या कासवासाठी हे त्या दिवसाचं जेवणच. बहुतेक वेळा ते टबमध्येच शी करतं आणि सोबत पांढरा पदार्थ टाकतं, तो लघवीतला यूरेट. तो दह्यासारखा मऊ असेल तर ठीक. वाळूसारखा रवाळ, खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय.

मग अंग हलकेच पुसून लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवा, समोर दोनचार पानं ठेवा आणि खोलीबाहेर या. मुलांना आधीच समजावून ठेवा की आज हातात मिळणार नाही. शेजाऱ्यांना, मित्रमंडळींना बोलवायचं तर पुढच्या महिन्यात.

इथे थोडं विषयांतर करते. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून पुढे जायची आपल्याला लहानपणापासून सवय. त्यामुळे घरातली मोठी माणसं नव्या कासवाला भक्तिभावाने हळदकुंकू लावतात, पाठीला तेल चोळतात. त्यांच्या भावनेबद्दल मला आदरच आहे, पण त्यांना शांतपणे सांगा की ते कवच म्हणजे जिवंत हाड आहे. त्यात रक्त खेळतं, त्याला स्पर्श कळतो, दुखतंही. तेल, रंग, कुंकू, नेलपॉलिशने लिहिलेलं नाव, यांतलं काहीही त्यावर नको. नमस्कार लांबून केला तरी पोचतो.

पहिला आठवडा

या आठवड्यात तुमचं काम फार थोडं आहे, आणि तेच जड जातं. सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने ताजी पानं ठेवायची, पाण्याची थाळी धुऊन भरायची, पिल्लू असेल तर रोज आणि मोठं असेल तर दोन-तीन दिवसांआड कोमट पाण्यात बसवायचं. या आंघोळीखेरीज उचलायचं नाही. वरून झेपावणारा हात त्याच्या लेखी शिकारी पक्षी असतो. उचलावंच लागलं तर बाजूने, दोन्ही हातांनी, जमिनीलगत.

काय काय दिसेल? दोन-तीन दिवस मातीत पुरून घेईल. कडेकडेने चकरा मारेल, कोपऱ्यात चढायचा प्रयत्न करेल. खाणार नाही, किंवा पान नुसतं हुंगून पुढे जाईल. हे सगळं नव्या जागेचं आहे. पुरून घेतलेल्या कासवाला "उठवून जेवायला" घालू नका; सकाळच्या आंघोळीपुरतं काढलं, पाणी मिळालं, दिव्याखाली ठेवलं, एवढं बास. मोठं निरोगी कासव आठवडाभर न खाता राहिलं तरी घाबरायचं कारण नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र तापमान बरोबर असूनही तीन दिवस काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरला फोन करा.

काही लक्षणांसाठी वाट बघायची नाही. नाकातून बुडबुडे किंवा स्राव, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, सुजलेले किंवा मिटलेले डोळे, बोटाने दाबल्यावर आत जाणारं मोठ्या कासवाचं कवच, लटके पाय. यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. छोट्या पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतं, ते नैसर्गिक आहे.

सरावासाठी एक सोपी युक्ती आहे. खाणं ठेवताना रोज तीच वेळ, तोच दगड, तीच पेटीची बाजू ठेवा. पंधरवड्याच्या आत बरीच कासवं तुम्ही आलात की दगडाकडे चालू लागतात. प्रेम वगैरे शब्द मी वापरणार नाही, पण त्या जिवाला आता तुमची भीती वाटत नाही, आणि ही कमाई मोठी आहे.

काय खायला घालायचं

पोळीचा तुकडा, वरणभात, पनीर, केळं, कलिंगड, कुत्र्याचं खाणं: काहीही नाही. हर्मन कासव रानगवतावर आणि रानपाल्यावर वाढलेला प्राणी आहे. त्याला भरपूर चोथा, भरपूर कॅल्शियम, थोडं प्रोटीन आणि जवळजवळ शून्य साखर हवी. फळांनी पोटातले जिवाणू बिघडतात आणि जंत बळावतात.

इंग्लंडमध्ये यासाठी पैसे खर्चायची गरजच नाही. डँडेलियन हा इथल्या प्रत्येक हिरवळीवर उगवतो, पानं आणि पिवळी फुलं दोन्ही द्या. लांब शिरांचं प्लँटेन, सो थिसल, क्लोव्हर, मॅलो, बाइंडवीड, चिकोरी हे सगळं चालतं. घरात कुंडीत जास्वंद असेल तर तिची फुलं आणि पानं म्हणजे मेजवानी. न फवारलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, तुतीची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंगाचं पानही आवडीने खातात. रस्त्याकडेचा, कुत्रे फिरवतात तिथला, तणनाशक मारलेला पाला आणू नका. झाड ओळखू येत नसेल तर 'द टॉर्टॉइज टेबल' या संस्थेची वनस्पतींची यादी फोनवर उघडून पडताळा, आणि तरी शंका राहिली तर देऊ नका.

हिवाळ्यात पाला मिळेनासा झाला की सुपरमार्केटमधलं लँब्ज लेट्युस, रॉकेट, रॅडिकिओ, एंडाइव्ह यांवर भागवता येतं. आइसबर्ग म्हणजे नुसतं पाणी. पालकात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियमला अडवतं, म्हणून पालक नको. कोबी-फ्लॉवरची पानं कधीतरी, रोज नको. कोथिंबिरीच्या काही काड्या अधूनमधून चालतील, पण तिच्या वासाला चटावलेलं कासव मग डँडेलियनला तोंड लावत नाही. म्हणून नव्या कासवाला सुरुवातीलाच चमचमीत काही देऊ नये. उपाशी राहिलंय म्हणून काकडी-टोमॅटो पुढे करायचा मोह आवरा.

कॅल्शियमची पूड आठवड्यातून तीन-चार वेळा, चिमूटभर, पानांवर भुरभुरवून. पेटीत समुद्रफेसाचा तुकडा कायम ठेवा. पाळीव पक्ष्यांच्या सामानात तो सहज मिळतो, कासव त्याला हवा तेव्हा कुरतडतं आणि चोचही झिजते. प्रमाण विचाराल तर पिल्लाला त्याच्या पाठीएवढा सैल ढीग रोज पुरतो. भराभर वाढवायची घाई नको, सावकाश वाढलेलं कवच गुळगुळीत आणि घट्ट होतं.

वजन, तपासणी आणि हात धुणं

दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, आंघोळीआधी वजन करा. ग्रॅममध्ये दाखवणारा डिजिटल काटा लागेल आणि तो फक्त कासवासाठीच ठेवा. आकडे वहीत लिहा. एका आठवड्यात दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे झाले तर ती शी किंवा पाणी. सलग तीन आठवडे उतरत गेलं तर काहीतरी बिघडलंय.

पहिल्या महिन्यात कासवं बघणाऱ्या डॉक्टरकडे एकदा नेऊन आणा. प्रत्येक कुत्र्या-मांजराच्या डॉक्टरला कासवाचा अनुभव असेलच असं नाही, फोनवर स्पष्ट विचारा. जाताना ताजी शी डबीत घेऊन जा, जंत तपासायला. एक नाव लक्षात ठेवा: आयव्हरमेक्टिन. इतर जनावरांना सर्रास दिलं जाणारं हे जंताचं औषध कासवाला मारक ठरतं. घरात कुत्र्यासाठी आणलेलं कुठलंही औषध आपल्या मनाने त्याला देऊ नका.

नर की मादी, हे पिल्लू असताना कुणी खात्रीने सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कवच दहा सेंटिमीटरच्या आसपास आल्यावर शेपटीच्या लांबीवरून कळू लागतं. अठराव्या शतकात हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावी निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी ज्या कासवाच्या बारीकसारीक नोंदी केल्या, ते टिमथी नावाचं कासव मादी असल्याचं त्याच्या मृत्यूनंतरच कळलं. तेव्हा नाव ठेवताना दोन्हीकडे चालेलसं ठेवा.

"एकटं कंटाळेल" म्हणून दुसरं आणायचा विचार पहिल्या वर्षी तरी सोडून द्या. कासव एकटं राहणारा प्राणी आहे. दोन नर भांडतात, नर मादीला सतत टकरा मारून जेरीस आणतो, आणि वेगळ्या जातीची कासवं एकत्र ठेवली तर एकाला न बाधणारा हर्पीसचा विषाणू दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळेच अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. मुलं ती तोंडात घालत. हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, टब आणि थाळी किचन सिंकमध्ये कधीच धुवायची नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीशिवाय हाताळायचं नाही. घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर त्यांनी लांबच राहावं.

बाग आणि हिवाळा

मे महिन्यानंतर ऊन असलेल्या दिवशी बाहेर सोडता येतं, पण पहिले तीन-चार आठवडे आत रुळल्यावरच. कुंपण भरीव हवं, जाळीचं नको, दीड फूट उंच आणि जमिनीत निदान सहा इंच गाडलेलं, कारण कासव पोखरतं. पिल्लाच्या कुंपणावर जाळीचं झाकण टाका. मॅगपाय, कोल्हा, उंदीर, शेजारचा कुत्रा, सगळ्यांना ते खाऊ वाटतं. डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, रोडोडेंड्रॉन, कण्हेर कुंपणाच्या आत नकोत. सावली आणि पाणी कायम हवं. मोठ्या कासवासाठी कुंपणात छोटं ग्रीनहाउस किंवा कोल्ड फ्रेम (पारदर्शक झाकणाची बुटकी पेटी) ठेवली तर इथल्या ढगाळ उन्हाळ्यातही त्याचं बरं चालतं.

हर्मन कासव निसर्गात थंडीभर झोपतं, आणि निरोगी कासवाला ती झोप मानवते. पण उन्हाळ्याअखेर किंवा त्यानंतर घरी आलेल्या, वजनाचा इतिहास माहीत नसलेल्या कासवाला पहिल्या हिवाळ्यात झोपवू नका. दिवे चालू ठेवून जागंच ठेवा. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी तपासल्यावर, आधी काही आठवडे खाणं बंद करून पोट रिकामं झाल्यावर, वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये पाच अंशांच्या आसपास झोपवता येतं. पोटात अन्न असताना गारठवलं तर ते आतच सडतं. शेडमधल्या गवताच्या खोक्यात तापमान कधी शून्याखाली, कधी दहाच्या वर जातं, तो प्रकार नको.

आणि आपल्या घरांचा नेहमीचा प्रश्न: डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जायचंय, त्याचं काय? जागं असलेल्या कासवाला आठवडाभरही एकटं सोडता येत नाही, आणि फ्रिजमध्ये झोपलेल्याचंही तापमान रोज बघावं लागतं, दार उघडून हवा बदलावी लागते. तेव्हा तिकिटं काढण्याआधी माणूस ठरवा. कासवं ठेवून घेणाऱ्या बोर्डिंगमध्ये ठेवायचं असेल तर तिथे त्याला इतर कासवांपासून पूर्ण वेगळं ठेवतात का ते विचारा. शेजारी किंवा मैत्रीण घरी येऊन बघणार असेल तर निघण्यापूर्वी तिला दोनदा बोलावून तिच्याच हातून आंघोळ घालून घ्या. एका कागदावर दिव्यांच्या वेळा, दगडावरचं तापमान, द्यायच्या पानांची नावं, न द्यायच्या पदार्थांची नावं, गेल्या चार आठवड्यांची वजनं आणि डॉक्टरचा फोन लिहून पेटीच्या बाजूला चिकटवा. उष्णतेचा एक जादा बल्ब कपाटात कुठे आहे तेही त्यातच लिहा. आणि दवाखान्याला एक ईमेल करून ठेवा की तुमच्या गैरहजेरीत ही व्यक्ती कासवाला आणू शकते आणि अमुक रकमेपर्यंतच्या उपचाराला तुमची संमती आहे.